गाडी सिग्नलला थांबली की थरथरतेय, कारण सापडंना – इंजिनाचं व्हायब्रेशन नेमकं शोधायचं कसं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी, गाडीचा विषय आहे, जरा लांबड लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. पेट्रोल हॅचबॅक, 1200 सीसी, चार सिलिंडर, 2016 ची, रनिंग लाखाच्या जवळ, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवून घेतलंय. रोजचं जाणं-येणं फुलेवाडी ते शिरोली एमआयडीसी. सकाळी चालू केली की एकदम शांत असते, दसरा चौकापर्यंत काही नाही, पण पुढं ताराराणी चौकाच्या सिग्नलला थांबलो की सुरू. स्टेअरिंग हालालंय, सीटखाली थरथर जाणवते, आतला आरसा असा हालतो की मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. एसी लावला की अजून जास्त. जरा रेस दिली, आरपीएम दीड हजाराच्या वर गेला की सगळं गायब. हायवेला ऐंशी-नव्वदला काही म्हणजे काही नाही.

एका सर्व्हिस सेंटरला दाखवलं, नाव लिहीत नाही. त्यांनी आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, मग उजव्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरावर बसतं ते) बदललं. प्रत्येक वेळी बिल झालं आणि थरथर होती तशीच. आता म्हणतात चारी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारे) आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे) बदलून बघू. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. मला आता पार्ट बदलायचे नाहीत, आधी कारण शोधायचंय. कुठनं सुरू करू सांगा.

शिरोली_नाका
भावा माझ्या गाडीला पण थरथर होती, बॅलन्सिंग करून घे आधी. ऊस तोडणीच्या दिवसात वावराच्या रस्त्यानं गाडी घातली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतोय, तो वाळून घट्ट होतोय, आणि बाहेरनं रिम चकचकीत दिसतोय म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मी दोनदोन ठिकाणी अलाइनमेंट केली तरी नव्वदला स्टेअरिंग हालतच होतं, शेवटी टायरवाल्यानं चाक काढून प्रेशर गननं आतली बाजू धुतली तर मूठभर माती निघाली. तिथंच विषय संपला.

घाटवाट
शिरोली_नाका, तुमचं बरोबर आहे पण ते यांना लागू नाही. चाकाचा दोष असता तर गाडी उभी असताना दिसलाच नसता. रंकाळाकाठ यांची गाडी सिग्नलला उभी आहे, चाकं फिरतच नाहीयेत, म्हणजे चाक, टायर, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेक डिस्क हे सगळं एका झटक्यात यादीतून बाद. तेवढंच बाद झालं तरी निम्मं काम झालं.

थरथर कशाबरोबर येते ते आधी ठरवायला पाहिजे. स्पीडबरोबर येते का, आरपीएमबरोबर येते, का लोडबरोबर, का गरम झाल्यावर. नव्वदला येत असेल तर त्याच वेगात, रस्ता मोकळा बघून, गाडी न्यूट्रलला टाकायची (चावी बंद करायची नाही हां, ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते). न्यूट्रलला पण थरथर तशीच राहिली तर चाकाकडचं, लगेच गेली तर इंजिन किंवा शाफ्टचा आतला जॉइंट. गगनबावड्याकडं चढाला फुल रेस दिल्यावरच येत असेल आणि रेस सोडली की जात असेल तर बहुतेक तो आतला जॉइंटच. फक्त ब्रेक मारल्यावर येत असेल तर डिस्क.

तुमच्या बाबतीत उत्तर तुम्हीच अर्धं लिहिलंय: गरम झाल्यावर, आयडलला (म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना), लोड पडला की जास्त, आरपीएम वाढला की गायब. गार असताना नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि फाउंडेशन बदलायच्या आधी याचा विचार व्हायला पाहिजे होता.

निपाणीवाला
फाउंडेशनची टेस्ट बिना खर्चाची आहे की. बॉनेट उघडायचं, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, ब्रेकवर पाय, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायचा आणि दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघायचं. मग तेच रिव्हर्सला. थोडं हालणारच, पण धप्पकन उडी मारली तर रबर गेलं. गाडीच्या पुढं-मागं कुणी उभं राहायचं नाही ही गोष्ट कंपल्सरी, क्लच सुटला तर माणूस जाईल.

रंकाळाकाठ
ही टेस्ट आज केली. इंजिन एखाद इंच हालतंय दोन्हीकडं, उडी नाही. खालचा टॉर्क रॉड (इंजिनाला हालू न देणारा दांडा) पण टॉर्च मारून बघितला, रबरला चीर नाही. म्हणजे फाउंडेशन ठीक समजायचं का?

घाटवाट
ठीकच दिसतंय. आता एक प्रयोग करा, याला पैसे लागत नाहीत. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं ॲप घ्या, ज्यात ग्राफ हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती वेळा) दिसतो असं. फोन ड्रायव्हर सीटच्या रेलवर किंवा डॅशबोर्डवर घट्ट चिकटवा, हातात धरायचा नाही. गाडी गार असताना आयडलला मिनिटभर रेकॉर्ड करा, मग गावात फिरवून आणा आणि तापल्यावर परत करा. आरपीएम किती होता ते लिहून ठेवा.

यामागचं गणित इस्कटून सांगतो. आयडल 800 आरपीएम धरला तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) सेकंदाला 13.3 वेळा फिरतोय. फोर स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे एका सिलिंडरचे सेकंदाला 6.7 ठोके. चार सिलिंडर मिळून 26.7. चारी सारखे पेटत असतील तर ग्राफमध्ये 26-27 च्या आसपास टोक दिसतं आणि 6.7 ला जवळपास काही दिसत नाही, कारण चौघे एकमेकाला सांभाळून घेतात. एक जरी कमी पडला तर 6.7 ला टोक उभं राहतं. म्हणजे 26 चं टोक वाढलंय आणि 6.7 ला काही नाही, तर इंजिन ठीक आहे आणि तिची नेहमीची थरथर बॉडीपर्यंत पोचतेय, मग फाउंडेशन किंवा कुठंतरी काहीतरी टेकतंय ते बघायचं. 6.7 ला टोक असेल तर फाउंडेशनचा काही संबंध नाही, सिलिंडर शोधायचा.

फोन साधारण सेकंदाला शंभरेक वेळा मोजतो, त्यामुळं पन्नास हर्ट्झच्या आतलं भरवशाचं धरा, वरचं सोडून द्या. आणि हे गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत घोळ होतो, 14 इंची चाकाचा घेर टायरसकट सुमारे 1.9 मीटर धरला तर ताशी 90 ला चाक सेकंदाला 13 वेळा फिरतं, आणि तेवढाच आकडा आयडलच्या क्रँकचा आहे, बघणारा फसतो.

करवीरकन्या
हे फार छान समजावलंत. माझी गाडी तीन सिलिंडरची आहे, घेतली तेव्हापासून आयडलला थोडी थरथर आहे, शोरूमवाले म्हणतात तीन सिलिंडर म्हणजे अशीच असते. पण गेल्या काही आठवड्यांत वाढलीय असं मला वाटतं आणि घरातले म्हणतात तुझा भास आहे. मला कुठला आकडा बघायचा?

घाटवाट
ताई, तीन सिलिंडरला एका फेऱ्यात दीड ठोका. तुमचा आयडल 750 असेल तर सेकंदाला 12.5 फेरे, म्हणजे 19 च्या जवळ मुख्य टोक. तीन सिलिंडरच्या इंजिनात इंजिनाची एक बाजू वर एक बाजू खाली असं झुलणं मुळातच असतं, म्हणून त्याचे फाउंडेशन मऊ ठेवतात, म्हणून "अशीच असते" हे काही अंशी खरं आहे. पण वाढली असेल तर भास म्हणून सोडू नका. 6 च्या जवळ टोक आलं तर सिलिंडर, 19 चंच टोक वाढलं असेल तर रबर किंवा काहीतरी टेकतंय. रेकॉर्ड करून ठेवा, महिन्यानं परत तसंच करा, मग भास का खरं ते आपोआप दिसंल.

रंकाळाकाठ
भावा, मानलं तुला! सकाळी गार गाडीवर 27 ला एक टोक, बाकी सपाट. कावळा नाक्यापर्यंत एसी लावून जाऊन आलो, गाडी चांगली तापली, घरासमोर उभी करून परत रेकॉर्ड केलं तर 27 चं आहेच पण 6 आणि 7 च्या मधोमध भलं मोठं टोक, आधीच्या ग्राफमध्ये तिथं काहीच नव्हतं. आरपीएम 800. म्हणजे फाउंडेशनचे पैसे फुकट गेले ना माझे. आता कुठला सिलिंडर ते कसं ओळखायचं? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉइल आणि इंजेक्टर बदलू का?

उद्यमनगरवाला
आत्तापर्यंत वाचत होतो, आता लिहितो. माझं आयुष्य उद्यमनगरात ऑईल इंजिनं आणि नंतर गाड्या खोलण्यात गेलं. घाटवाट यांनी जे आकड्यात सांगितलं ते आम्ही हातानं बघायचो, इंजिनावर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. चार खांद्यांवर पालखी चाललीय आणि एक खांदा खाली गेला की जसा हिसका बसतो तसा हिसका हाताला कळतो.

रंकाळाकाठ, इंजेक्टरला हात लावू देऊ नका. माझा एक प्रश्न आहे: पेट्रोलवर पण थरथरते का सीएनजीवर पण? नीट बघून सांगा, दोन्हीवर गाडी तापवून.

रंकाळाकाठ
दोन्हीवर. सीएनजीवर किंचित जास्त म्हणता येईल पण पेट्रोलवर पण आहेच.

उद्यमनगरवाला
मग ऐका. तुमच्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे इंजेक्टर वेगळे, पंप, रेग्युलेटर, फिल्टर सगळं वेगळं. दोन्ही बाजूचा एकाच सिलिंडरचा इंजेक्टर एकाच वेळी बिघडणं जवळजवळ होत नाही. म्हणजे इंधन पुरवठा निर्दोष. दोन्ही इंधनांना सामाईक काय राहिलं? ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). हवा म्हणजे मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या पाइपांचं) पॅकिंग, व्हॅक्यूमचे पाइप, ब्रेक बूस्टरची नळी. एवढ्या तीन गोष्टीत तुमचं कारण आहे.

सिलिंडर ओळखायला: गाडी तापवा, पेट्रोलवर घ्या, आयडलला चालू ठेवून एकेक इंजेक्टरचा सॉकेट काढायचा आणि परत लावायचा. ज्याचा काढल्यावर इंजिन पडायला लागतं तो काम करत होता. ज्याचा काढल्यावर फारसा फरक पडत नाही तो मेला आहे किंवा अर्धमेला आहे. काही लोक कॉइलचा सॉकेट काढतात, ते करू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाजून खराब होतो, त्याची किंमत विचारू नका. इंजेक्टर काढला की पेट्रोलच बंद, धोका नाही. हात फॅनपासून आणि बेल्टपासून लांब.

सापडला की त्या सिलिंडरचा कॉइल आणि प्लग शेजारच्याला लावा, शेजारचा याला. दोष कॉइलबरोबर हलला तर कॉइल. तिथंच राहिला तर ठिणगी निर्दोष.

निपाणीवाला
गाडीचे दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर अजून सोपं आहे काका. पी 0300 म्हणजे कुठला सिलिंडर ते ठरत नाही असं मिसिंग (सिलिंडर नीट न पेटणं), पी 0301 पहिल्याचं, 0302 दुसऱ्याचं असं पुढं. कॉइलची अदलाबदल केल्यावर 0303 चा 0301 झाला तर कॉइल गेला. आणि दिवा लागला नाही म्हणजे मिसिंग नाही असं नसतं, दिवा लागायला ठरावीक प्रमाण ओलांडावं लागतं, त्याच्या खाली असेल तर कोड पेंडिंगमध्ये पडून असतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिन आपोआप पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतंय तो आकडा) पण बघा. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक दहाच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला नॉर्मल, तर कुठून तरी हवा ओढतेय. माझी डिझेल आहे त्यामुळं मला त्याचा उपयोग नाही, पण मित्राच्या गाडीत असंच सापडलं होतं, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी खालच्या बाजूनं फाटलेली, वरनं दिसतच नव्हती.

शिरोली_नाका
उंदीर बघा राव उंदीर. आमच्या इथं गाडी दोन दिवस उभी राहिली की वायरी कुरतडतात, माझ्या भावाच्या गाडीचा तिसऱ्या इंजेक्टरचा वायर असाच तुटलेला होता, तांबं दिसत होतं, थंडीत जोडलेला असायचा आणि हादऱ्यानं सुटायचा.

रंकाळाकाठ
शिरोली_नाका, वायरिंग बघितलं, ठीक आहे. माझा मामेभाऊ इलेक्ट्रिशियन आहे, तो स्कॅनर घेऊन आला होता. पेंडिंगमध्ये पी 0303 सापडला. ट्रिम अधिक तीन-चार, म्हणजे हवेचा विषय नाही म्हणाला. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे सॉकेट काढून बघितले. एक, दोन, चार काढला की इंजिन लगेच पडतं, गाडी बंद पडायला बघते. तिसऱ्याचा काढला की आवाज किंचित बदलतो, बास. तिसऱ्याचा कॉइल आणि प्लग पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला. परत तापवली. दोष तिसऱ्यातच.

म्हणजे चारी कॉइल आणि इंजेक्टर बदलले असते तरी काही झालं नसतं. राग येतोय खरंच, साधी अदलाबदल करून बघायला कुणाला काय अडचण होती?

उद्यमनगरवाला
राग बाजूला ठेवा, आता दोन पावलं राहिलीत. कॉम्प्रेशन बघायचं, पण *गाडी गरम असताना*. हे मिस्त्रीला ठासून सांगा. बहुतेक ठिकाणी गाडी रात्रभर उभी असते, सकाळी गार इंजिनावर गेज लावतात आणि सगळं बरोबर आहे म्हणून सांगतात. तुमचा दोष गरम झाल्यावर येतो तर टेस्ट पण गरमच पाहिजे.

पद्धत: बॅटरी फुल चार्ज, चारी प्लग बाहेर, इंजेक्टरचे आणि कॉइलचे सॉकेट काढलेले, सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढताना दमानं, अडकला तर जोर लावायचा नाही, आटे निघाले तर नवीन काम उभं राहतं. चांगल्या पेट्रोल इंजिनाला 150 ते 190 पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो, पण आकड्यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक नको. कमी येईल त्याच्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून परत बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, चढला नाही तर व्हॉल्व्ह.

मिस्त्रीकडं व्हॅक्यूम गेज असेल तर आधी ते मॅनिफोल्डला लावायला सांगा, दोन मिनिटांचं काम. काटा स्थिर पाहिजे. ठरावीक लयीत टिक-टिक खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाही. पुस्तकात आयडलला 18 ते 21 इंच लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं आहे. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा, म्हणजे इथं 16 ते 19 आलं तर घाबरायचं नाही.

मला आत्ताच वाटतंय काय निघंल ते, पण टेस्ट होऊ दे, आधी बोलत नाही.

करवीरकन्या
धागा वाचनीय झालाय. मी पण रेकॉर्ड केलं, 19 ला मोठं टोक आहे, 6 ला काही नाही. म्हणजे इंजिन ठीक?

घाटवाट
हो ताई, सिलिंडर ठीक आहेत. आता निपाणीवाल्यांनी लिहिलेली फाउंडेशनची टेस्ट करा आणि गाडी रॅम्पवर चढवून खाली काय टेकतंय ते बघा. सायलेन्सर, हीट शील्ड, खालचं प्लॅस्टिक कव्हर, एसीचे पाइप.

निपाणीवाला
एक प्रश्न विचारून घेतो, धाग्याचा विषय जरा सोडून. माझी डिझेल, कॉमन रेल. आयडलला थरथर आणि खडखड, क्लच दाबला की आवाज जातो. क्लच सोडला की परत. मिसिंग नाही. इंजेक्टर म्हणतोय एकजण.

उद्यमनगरवाला
क्लच दाबल्यावर जातोय म्हणजे इंजेक्टरकडं जाऊ नका. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो, मग आवाज त्या बाजूचा, बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (आत स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक). तुमच्या गाडीला तो असेल तर त्यातल्या स्प्रिंगा ढिल्या पडल्यात का बघा. इंजेक्टरची शंका असेल तर आधी रिटर्नची टेस्ट, चारी इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, थोडा वेळ चालवायची. एकाची बाटली बाकीच्यांपेक्षा पटकन भरली तर तो गळतोय. न बघता काढून पाठवायचे नाहीत.

रंकाळाकाठ
आज काम झालं म्हणून सविस्तर लिहितोय. काकांनी व्यक्तिगत निरोपात उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा पत्ता दिला होता, तिथं गेलो. छोटं गॅरेज, मिस्त्री साठीचे असतील, बोलणं कमी. मी सगळं सांगितलं, त्यांनी फोनमधला ग्राफ पण नीट बघितला. गाडी मीच तापवून नेली होती, तरी त्यांनी फॅन दोनदा लागेपर्यंत चालू ठेवली आणि मग हात घातला.

कॉम्प्रेशन: पहिला 178, दुसरा 175, तिसरा 130, चौथा 176. तिसऱ्यात ऑईल सोडून परत, 134. म्हणजे रिंगा नाहीत. मग त्यांनी तिसरा पिस्टन वर आणला, प्लगच्या जागी नळी बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडली, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मला म्हणाले, "जा, मागं जाऊन सायलेन्सरला कान लावा." गेलो तर सुस्स असा बारीक पण सलग आवाज, हाताला हवा लागत होती. मग ऑईलच्या झाकणापाशी कान लावला, तिथं जवळजवळ काही नाही. थ्रॉटलमध्ये काही नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. हवा फक्त एक्झॉस्टमधून चाललेली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसंना."

गाडी रात्रभर तिथंच ठेवायला सांगितली, कारण टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग, तिथं बारीक अंतर ठेवलेलं असतं) गार असताना बघायचे असतात. सकाळी टॅपेट कव्हर खोललं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फिलर गेजची (अंतर मोजायच्या पट्ट्यांची) 0.10 मिमीची पट्टी पण आत जाईना. बाकीच्या एक्झॉस्टना 0.20 जात होती, ती पण मापापेक्षा घट्टच, माप 0.25 ते 0.30 पाहिजे असं मॅन्युअलमध्ये. माझ्या इंजिनाला स्क्रूचे टॅपेट आहेत म्हणून तिथल्या तिथं सगळे सेट झाले. कव्हरचं पॅकिंग नवीन टाकलं. गाडी तापवून परत कॉम्प्रेशन बघितलं, तिसरा 166.

येताना मुद्दाम ताराराणी चौकातनं आलो, एसी फुल. आरसा स्थिर. मागच्या गाडीचा नंबर काय, काचेवरचं स्टिकर पण वाचता येत होतं. टॅपेटची मजुरी आणि पॅकिंग मिळून जेवढं झालं ते त्या एका फाउंडेशनच्या निम्मं पण नाही. काका, तुम्हाला आधीच वाटलं होतं ना?

उद्यमनगरवाला
हो. बाहेरून किट बसवलंय म्हणालात तेव्हाच मनात आलं होतं. गॅस कोरडा असतो. पेट्रोलचे थेंब आत येताना थोडी उष्णता खेचून घेतात, गॅसला ते नाही, आणि व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना ज्या कड्यावर टेकतो त्यावर) आपटतो तिथं झीज लवकर होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, आणि तेवढं टॅपेटचं अंतर कमी होतं. लोकांना वाटतं झिजलं की ढिलं होणार, आवाज येणार, इथं उलटं आहे, घट्ट होतं आणि आवाज उलट कमी येतो म्हणून कुणाला शंका येत नाही. मग इंजिन गरम झालं की एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलंसुरलं अंतर संपतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. गार असताना अंतर शिल्लक असतं म्हणून सकाळी शांत. आणि आरपीएम वाढला की निसटायला वेळच मिळत नाही म्हणून रेस दिली की गायब. तुमची सगळी लक्षणं एकाच गोष्टीत बसली.

कंपनीतून गॅसवर येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना सीट कडक धातूच्या देतात, बाहेरून किट लावताना इंजिन तेच राहतं. म्हणून गॅस लावणाऱ्या प्रत्येकानं टॅपेट बघत राहायला पाहिजे. दुर्लक्ष झालं तर तो व्हॉल्व्ह न बसल्यामुळं त्याची उष्णता सीटकडं जात नाही, कड जळते, मग हेड खोलण्याशिवाय मार्ग नाही.

शिरोली_नाका
आईशप्पथ, माझ्या गाडीला पण गॅस आहे आणि टॅपेट आजपर्यंत कुणी बघितले नाहीत. उद्याच नेतो. किती किलोमीटरला बघायचे काका?

उद्यमनगरवाला
तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो आकडा आधी बघा, गॅसवर असेल तर मी माझ्या गिऱ्हाइकांना वीस हजाराला एकदा बघायला लावतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंगचा प्रश्न नाही, ते आधी विचारून घ्या. बादलीचे किंवा शिमचे (पातळ चकत्यांचे) असतील तर काम मोठं, शिम बदलावे लागतात, घाई करणाऱ्याकडं देऊ नका.

घाटवाट
रंकाळाकाठ, आता गरम गाडीवर परत फोन लावून रेकॉर्ड करा आणि जपून ठेवा, तुमच्या गाडीचं निरोगी असतानाचं माप तयार होईल. 166 आलंय पण बाकीच्यांपेक्षा दहा कमी आहे, तो तसाच राहतोय का खाली येतोय ते कळायला उपयोगी पडंल.

रंकाळाकाठ
केलं. 27 ला टोक, 6-7 ला थोडंसं उचललेलं आहे, आधीच्या तुलनेत काहीच नाही. काका, हे दहा पीएसआय कमी आहेत म्हणजे हेड खोलावं लागंल का?

उद्यमनगरवाला
आत्ता नाही. चालवा. पाच हजार किलोमीटरनं तिसऱ्याचं अंतर परत मोजा, फक्त तिसऱ्याचं. आज कितीवर ठेवलंय ते मिस्त्रीकडून आकड्यात लिहून घ्या. तेवढंच राहिलं किंवा किंचित कमी झालं तर निवांत. पाच हजारात परत घट्ट झालं तर सीट उतरली समजायची, मग हेड काढून सीट बदलून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवणं) करून घ्यायचं, इथं मशीनवर चांगलं काम होतं. तोपर्यंत रोज गाडी पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावरच गॅसवर घ्या, आणि आठवड्यातनं थोडी पेट्रोलवर पण चालवत जा, इंजेक्टर पण मोकळे राहतील.

रंकाळाकाठ
एक्झॉस्ट 0.28 ला ठेवलेत, लिहून घेतलंय. पाच हजार झाले की इथंच येऊन सांगतो.

करवीरकन्या
माझं पण सापडलं! रॅम्पवर चढवली, सायलेन्सर टांगायची मागची रबराची कडी तुटलेली होती, पाइप बॉडीच्या पत्र्याला टेकत होता, इंजिनाची थरथर थेट पत्र्यात. कडी बदलली, वीस मिनिटं पण लागली नाहीत. 19 चं टोक निम्म्यावर आलंय, ग्राफ घरी सगळ्यांना दाखवला. शोरूमवाल्यांना पण दाखवून येणार आहे, त्यांनी गाडी खालून बघितलीच नव्हती.